चंद्रावर पडणारी आपली सावली आणि आर्यभट



७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची रात्र, रविवार. सोमवारी वर्गात गेल्या गेल्या मी विचारलं की ग्रहण कोणी कोणी पाहिलं. बत्तीस मुलांत सहा हात वर आले. बाकीच्यांपैकी काहींना झोप लागली होती, काहींकडे आभाळ होतं आणि बऱ्याच जणांना घरच्यांनी बाहेरच पडू दिलं नव्हतं.

त्या सहा जणांत एक मुलगी होती. तिने विचारलं की बाई, सावली तर काळी असते, मग पृथ्वीच्या सावलीत गेल्यावर चंद्र काळा व्हायला पाहिजे होता, तो तांबडा कसा झाला? खरं सांगते, मी हवेमुळे होतं असं एका शब्दात सांगून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. शोधता शोधता मी ज्यांच्यापर्यंत पोचले ते नाव आपण सगळे रोज घेतो : आर्यभट. ग्रहणात चंद्राचा रंग कसकसा बदलतो हे त्यांनी पंधराशे वर्षांपूर्वी क्रमाने लिहून ठेवलंय. आपण मात्र मुलांकडून शून्याचा शोध कोणी लावला एवढंच पाठ करून घेतो, आणि तेही चुकीचं! आर्यभटांच्या ग्रंथात शून्याचं चिन्हच नाही. त्यांनी जे केलं ते याहून वेगळं आहे, आणि मला वाटतं मुलांच्या जास्त उपयोगाचं आहे. म्हणून आजचा पाठ त्यांच्यावर.

जन्म, गाव आणि नाव

आधी नावाबद्दल. आपण सर्रास आर्यभट्ट असं लिहितो. मूळ नाव आर्यभट. भट म्हणजे योद्धा. त्यांनी स्वतः ग्रंथात आपलं नाव आर्यभट असंच घातलं आहे, तेव्हा फळ्यावरही तसंच लिहावं.

त्यांचं जन्मवर्ष आपल्याला त्यांच्याच हिशोबातून मिळतं. कलियुगाची ३६०० वर्षं संपली तेव्हा माझ्या जन्माला २३ वर्षं झाली होती, अशा अर्थाची नोंद त्यांनी ग्रंथात केली आहे. तो काळ म्हणजे इ. स. ४९९. त्यातून २३ वजा करा, जन्म इ. स. ४७६. चौथीच्या मुलांना हे वजाबाकीचं उदाहरण म्हणून देऊन बघा, जन्मतारीख पाठ करण्यापेक्षा जास्त मजा येते.

कामाचं ठिकाण म्हणून ते कुसुमपुराचं नाव घेतात. कुसुमपूर म्हणजे पाटलीपुत्र, आजचं पाटणा. पुढे सातव्या शतकात त्यांच्या ग्रंथावर भाष्य लिहिणारे पहिले भास्कर (लीलावतीवाले भास्कराचार्य वेगळे, ते बाराव्या शतकातले) त्यांचा संबंध अश्मक या प्रदेशाशी जोडतात. अश्मक किंवा अस्सक हे गोदावरीच्या काठचं जुनं महाजनपद. तेवढ्यावरून आर्यभट आपल्याकडचेच असं मुलांना ठामपणे सांगू नये, कारण ग्रंथात नाव आहे ते कुसुमपुराचंच. पण गोदाकाठच्या शाळेत ही गोष्ट सांगायला काहीच हरकत नाही.

एकशे एकवीस श्लोकांचं पुस्तक

आर्यभटांचा जो ग्रंथ आज आपल्या हातात आहे त्याचं नाव आर्यभटीय. सगळे मिळून फक्त १२१ श्लोक आणि चार भाग : गीतिकापाद, गणितपाद, कालक्रियापाद आणि गोलपाद. आपल्या एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या आठ-दहा पानांत मावेल एवढंच. पण त्यात वर्गमूळ-घनमूळ आहे, वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर ३.१४१६ आहे (आणि तेही जवळचं, अगदी तंतोतंत नव्हे, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय), त्रिकोणमितीचं कोष्टक आहे, ग्रहांच्या गती आहेत.

त्या काळी पुस्तक म्हणजे पाठांतर. मोठमोठ्या संख्या श्लोकात बसणार कशा? त्यासाठी त्यांनी बाराखडीच कामाला लावली. व्यंजनांना किमती दिल्या, स्वरांना स्थानं दिली, आणि एकेका शब्दात लाखा-कोटींचे आकडे भरले. वाचायला विचित्र शब्द, उलगडला की संख्या. आपण मुलांना सांकेतिक लिपीचे खेळ देतो ना, तसंच.

पृथ्वी गोल आहे हे सांगताना त्यांनी कदंबाच्या फुलाची उपमा दिली. कदंबाचं फूल चेंडूसारखं असतं आणि त्याला चहूबाजूंनी केसर असतात. तसेच पृथ्वीच्या गोळ्यावर सगळीकडे प्राणी राहतात. नावेतून जाणाऱ्या माणसाला काठावरची झाडं मागे पळताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे तारे फिरत नाहीत, पृथ्वी स्वतःभोवती फिरते. त्यांच्या आकड्यांवरून ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंदांची येते. आजचं उत्तरही तेच आहे, फरक सेकंदाच्या अगदी लहान भागाचा. हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले होते.

ग्रहण म्हणजे सावली

आता मुख्य विषयाकडे वळू. ग्रहणात राहू चंद्राला गिळतो ही गोष्ट तुम्हा-आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. आर्यभटांच्या काळी ती नुसती गोष्ट नव्हती. ग्रहणाच्या रंगावरून, वेळेवरून राजाचं काय होईल, पीक कसं येईल याची फळं सांगितली जायची. अशा काळात गोलपादात ते सरळ लिहितात की चंद्र सूर्याला झाकतो तेव्हा सूर्यग्रहण होतं आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला झाकते तेव्हा चंद्रग्रहण होतं. त्यात राहू कुठेही येत नाही.

इथे एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. चंद्राच्या रोजच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत. माझ्या वर्गात दर वर्षी निम्मी मुलं हीच चूक करतात (आणि डीएडला असताना मीही करत होते). आर्यभटांनी याचाही खुलासा केलाय : पृथ्वी, चंद्र, ग्रह हे गोळे आहेत, त्यांचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळतो आणि उरलेला अर्धा स्वतःच्याच सावलीत अंधारा राहतो. उजळलेला भाग आपल्याला कमी-जास्त दिसतो ती कला. पृथ्वीची सावली मध्ये येते ती फक्त ग्रहणात, आणि तीही फक्त पौर्णिमेला.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? कारण चंद्राचा मार्ग सूर्याच्या दृश्य मार्गाला सुमारे पाच अंशांनी तिरका आहे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. हे दोन मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या बिंदूंना पात म्हणतात. पौर्णिमेचा चंद्र पाताजवळ असेल तरच तो सावलीत शिरतो. हे पातबिंदू स्वतःही हळूहळू सरकतात. एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, त्यांच्या २,३२,२२६ फेऱ्या होतात असं आर्यभटांनी दिलंय. भागाकार करून बघा, एका फेरीला १८.६ वर्षं येतात. आजच्या पुस्तकातही हाच आकडा आहे.

आणि गंमत पुढे आहे. आपल्या पंचांगात राहू आणि केतू म्हणून जे लिहिलेलं असतं ते हेच दोन पातबिंदू. म्हणजे ज्याला आपण राक्षस समजून घाबरतो तो मुळात भूमितीतला एक छेदनबिंदू आहे.

सावलीचं माप

सावली पडते एवढं सांगून आर्यभट थांबले असते तरी ते मोठंच होतं. पण त्यांनी त्या सावलीचं माप काढलं. रीत आपल्या शाळेतल्या समरूप त्रिकोणांची आहे. सूर्य मोठा, पृथ्वी लहान, त्यामुळे पृथ्वीची सावली शंकूसारखी निमुळती होत जाते. सूर्याच्या अंतराला पृथ्वीच्या व्यासाने गुणा आणि दोघांच्या व्यासांतल्या फरकाने भागा, की सावलीची लांबी मिळते.

त्यांचे आकडे योजनांत आहेत. पृथ्वीचा व्यास १०५०, सूर्याचा ४४१०, चंद्राचा ३१५. त्यांच्या गणितातून सूर्याचं अंतर ४,५९,५८५ आणि चंद्राचं ३४,३७७ योजनं येतं. या आकड्यांवरून सावलीची लांबी सुमारे १,४३,६२० योजनं निघते, आणि चंद्र जिथून जातो तिथे सावलीची रुंदी साधारण ७९९ योजनं. ७९९ ला ३१५ ने भागा. सावली चंद्राच्या अडीचपट रुंद, नेमकं सांगायचं तर २.५४ पट. आजच्या मोजणीने ती साधारण २.६ ते २.७ पट आहे.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. त्यांचे सगळे आकडे बरोबर नव्हते. सूर्य त्यांनी पृथ्वीच्या चौपटीहून थोडा मोठा धरला, प्रत्यक्षात तो १०९ पट आहे. त्याचं अंतरही फार कमी धरलं. मग सावलीचं उत्तर इतकं जवळ कसं आलं? कारण सावली किती निमुळती होणार हे मुख्यतः आकाशात सूर्य केवढा दिसतो यावर ठरतं, आणि तो केवढा दिसतो हे त्यांनी नीट मोजलेलं होतं. चंद्र पाण्याचा आहे असंही त्यांनी लिहिलंय, तेही चूकच. मुलांना ही चूक मुद्दाम सांगावी. मोठा माणूस म्हणजे प्रत्येक गोष्टीत बरोबर असणारा माणूस, असं त्यांना वाटायला नको.

सावलीची रुंदी कळली की ग्रहण किती वेळ चालणार हेही काढता येतं. चंद्र साधारण तासाभरात स्वतःच्या व्यासाइतका पुढे सरकतो. सप्टेंबरचं ग्रहण आठवा. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी सावली चंद्राला लागली, ११ ते १२.२२ चंद्र पूर्ण सावलीत होता आणि १ वाजून २६ मिनिटांनी तो पूर्ण बाहेर आला. एकूण साडेतीन तास. ही वेळ आपल्याला आधीपासून माहीत होती ती अशाच गणिताने.

चंद्राचे चार रंग

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. गोलपादाच्या शेवटाकडे एक छोटासा श्लोक आहे. त्यात आर्यभटांनी ग्रहणातले चंद्राचे रंग दिलेत, आणि ते कशाचीही शुभ-अशुभ फळं न सांगता. सुरुवातीला आणि शेवटी चंद्र धुरकट दिसतो. अर्धामुर्धा झाकला जातो तेव्हा झाकलेला भाग काळा दिसतो. पूर्ण झाकला गेला की तांबूस-पिंगट. आणि सावलीच्या अगदी मध्यभागी असेल तर काळसर झाक असलेला तांबडा.

सप्टेंबरच्या रात्री ज्यांनी शेवटपर्यंत पाहिलं त्यांनी आठवून बघा, हाच क्रम होता की नाही?

धुरकट का? पृथ्वीच्या गडद सावलीभोवती एक विरळ सावली असते. गडद ती प्रच्छाया, विरळ ती उपच्छाया. उपच्छायेत चंद्रावरून सूर्याचा काही भाग झाकलेला दिसतो, काही दिसत राहतो. त्यामुळे चंद्र मळल्यासारखा वाटतो.

मग काळा का? चंद्राचा एक भाग अजून लख्ख असतो. त्याच्या शेजारी मंद भाग आपल्या डोळ्यांना काळाच भासतो. दिवसा उन्हातून घरात आलं की खोली काळोखी वाटते, तसंच हे. खरं तर तिथेही तांबूस उजेड असतोच, पण लख्ख भाग तो दिसू देत नाही.

शेवटचा लख्ख तुकडा झाकला गेला की तो तांबडा रंग उघडा पडतो. हा उजेड येतो कुठून? पृथ्वीभोवती हवेचा थर आहे. सूर्याचे किरण त्या थरातून जाताना वाकतात आणि सावलीच्या आत शिरतात. वाटेत हवा त्यातला निळा प्रकाश विखरून टाकते, लाल-नारिंगी पुढे जातो. संध्याकाळी आभाळ तांबडं होतं त्याचंच हे कारण. ग्रहणाच्या वेळी तुम्ही चंद्रावर उभे असता तर काळ्या पृथ्वीभोवती एक लाल कडं दिसलं असतं. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत होता आणि मावळत होता, त्या सगळ्या ठिकाणांचा उजेड त्या कड्यात असतो. तोच चंद्रावर पडतो.

आणि सावलीच्या मध्यभागी हा वाकलेला प्रकाश सगळ्यात कमी पोचतो, म्हणून तिथे रंग जास्त काळपट. हवेत धूळ किंवा राख जास्त असेल तर चंद्र आणखी काळवंडतो. फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा १९९१ मध्ये मोठा उद्रेक झाला. त्यानंतरच्या डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र इतका अंधारला होता की काही ठिकाणांहून तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसत होता. म्हणजे चंद्राचा तांबडा रंग आपल्या हवेची तब्येत सांगतो.

किरण वाकणं, निळा प्रकाश विखुरणं या गोष्टी जगाला आर्यभटांनंतर कित्येक शतकांनी कळल्या. कारण त्यांनी दिलेलं नाही. पण त्यांनी पाहिलं नीट, आणि जसं दिसलं तसं लिहिलं. दुसरी-तिसरीच्या मुलांना आपण निरीक्षण करा म्हणतो तेव्हा याहून वेगळं काय अपेक्षित असतं?

विरोध

आर्यभटांना विरोध झाला, आणि तो अडाणी लोकांकडून नव्हे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्त या फार मोठ्या गणितज्ञाने आपल्या ग्रंथात त्यांच्यावर कडक टीका केली. पृथ्वी फिरते हे त्याला मान्य नव्हतं. ग्रहण राहूमुळे होत नाही असं म्हणणाऱ्यांनाही त्याने धारेवर धरलं, कारण ते स्मृती-पुराणांच्या विरुद्ध जात होतं. पण त्याच ग्रंथात ग्रहणाचं गणित करायची वेळ आली तेव्हा त्याने पृथ्वीची सावलीच धरली! पुढे इ. स. १०३० च्या सुमारास अल बिरुनी या प्रवासी पंडिताने भारतावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यालाही याचं नवल वाटलं. ज्याला खरं माहीत आहे तो असं का लिहितो? ब्रह्मगुप्ताने ते लोकांच्या दडपणाखाली लिहिलं असावं, असा त्याचा अंदाज होता. आणखी एक गोष्ट. म्हातारपणी, इ. स. ६६५ मध्ये, ब्रह्मगुप्ताने जो दुसरा ग्रंथ लिहिला तो आर्यभटांच्याच गणितावर आधारलेला आहे.

आर्यभटांच्या बाजूच्या लोकांनीही कधी कधी त्यांना सांभाळून घेण्याच्या नादात बदललं. पृथ्वी फिरते असं सांगणाऱ्या ओळीत भू या शब्दाच्या जागी भं असा पाठ आला. भू म्हणजे पृथ्वी, भं म्हणजे तारामंडळ. एका अक्षराने फिरणारी पृथ्वी स्थिर झाली.

हे वाचताना मला माझंच आठवलं, ते लिहिल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही. २७ जुलै २०१८, गुरुपौर्णिमा. त्या रात्री या शतकातलं सगळ्यात लांब खग्रास चंद्रग्रहण होतं, तब्बल १०३ मिनिटांची खग्रास स्थिती. मला सातवा महिना होता. दुपारी शाळेत मुलांनी फुलं दिली आणि मी चेंडू-बॅटरी घेऊन ग्रहणाचा पाठ घेतला. ग्रहणाला घाबरायचं नसतं असं सांगितलं. आणि घरी येऊन सुरी हातात धरली नाही, रात्री जेवले नाही, खिडकीचा पडदा लावून पहाटेपर्यंत अंथरुणात सरळ पडून राहिले. सासूबाईंनी सांगितलं होतं ते काळजीपोटीच. मला बोलता आलं असतं, मी बोलले नाही. तेव्हा ब्रह्मगुप्ताला नावं ठेवायचा मला काय अधिकार? खरं माहीत असणं वेगळं आणि ते घरात चार माणसांसमोर बोलणं वेगळं.

गेल्या सप्टेंबरमध्ये मात्र मी लेकीला घेऊन गच्चीवर गेले. ती आता सात वर्षांची होतेय. सासूबाई वर आल्या नाहीत, पण त्यांनी अडवलंही नाही. आम्ही खाली आलो तेव्हा त्या जाग्याच होत्या. त्यांनी नातीला एवढंच विचारलं की कसा दिसत होता गं चंद्र. तिने सगळे रंग क्रमाने सांगितले. त्या ऐकत राहिल्या.

ग्रंथ पुन्हा कसा मिळाला

मधल्या काळात आर्यभटांचा ग्रंथ उत्तरेत मागे पडला. तो टिकला केरळात. तिथल्या परमेश्वर या ज्योतिषाने पंधराव्या शतकात त्यावर टीका लिहिली. नुसती टीका नाही, अनेक वर्षं ग्रहणं स्वतः बघून नोंदी ठेवल्या आणि गणित जुळत नव्हतं तिथे सुधारलं. त्याच परंपरेतल्या नीलकंठ सोमयाजींनीही आर्यभटीयावर मोठं भाष्य लिहिलं.

पुढचा धागा आपल्या मुंबईचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव भायखळ्याच्या संग्रहालयामुळे आपल्याला माहीत आहे. डॉक्टरकी सांभाळून त्यांनी दक्षिणेतून आर्यभटीयाच्या हस्तलिखित प्रती मिळवल्या आणि १८६५ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. आर्यभट नावाचे दोन ज्योतिषी होऊन गेले, त्यांतले हे पहिले, हा घोळ त्यामुळे सुटला. १८७४ मध्ये हॉलंडमधल्या लायडन इथे हेन्ड्रिक केर्न यांनी परमेश्वराच्या टीकेसह हा ग्रंथ छापला.

आणि मराठीत हे सगळं आणलं एका शिक्षकाने! दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. नोकरी सांभाळून त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्र हा मोठा मराठी ग्रंथ लिहिला, तो १८९६ मध्ये छापून आला. आपल्याला वेळ मिळत नाही असं वाटेल तेव्हा दीक्षितांची आठवण काढायला हरकत नाही.

वर्गात करून पाहू

साहित्य : एक मोसंबी (सुमारे ८ सेंमी व्यासाची), एक मोठी गोटी (सुमारे २.२ सेंमी), दोन काड्या, थोडी चिकणमाती, पांढरा पुठ्ठा, मोजपट्टी.

मोसंबी पृथ्वी, गोटी चंद्र. शाळा सुटायच्या सुमारास ऊन तिरपं असतं तेव्हा मैदानात जा. मोसंबी काडीवर टोचून उंच धरा. तिच्या मागे बरोबर २ मीटर ४० सेंटिमीटरवर, म्हणजे मोसंबीच्या तीसपट अंतरावर, पुठ्ठा उन्हाला समोर धरा. मोसंबीची सावली मोजा. मधला गडद भाग ८ सेंमी भरणार नाही, साधारण पावणेसहा भरेल, आणि भोवती पुसट कडा दिसेल. गडद ती प्रच्छाया, पुसट ती उपच्छाया. आता मातीच्या गोळीने गोटी काडीवर बसवा आणि सावलीतून हळूहळू पलीकडे न्या. गडद सावली गोटीच्या किती पट आहे हे मुलांनाच काढू द्या. सूर्य खराखुरा आणि अंतरं प्रमाणात असल्यामुळे उत्तर खऱ्या ग्रहणाच्या जवळ येतं. मुलांनी सूर्याकडे पाठ करूनच उभं राहायचं, सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे आधी बजावा.

मग विचारा की गोटी तांबडी का झाली नाही. ती नुसतीच मंद झाली. पृथ्वीकडे असं काय आहे जे मोसंबीकडे नाही? थोडा वेळ द्या. माझ्या वर्गात मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच बोलला, हवा.

त्यानंतर काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका आणि अंधाऱ्या कोपऱ्यात एका बाजूने मोबाइलची बॅटरी लावा. ग्लासातून आरपार बघितलं की बॅटरीचा पांढरा उजेड पिवळट-नारिंगी दिसतो, आणि बाजूने पाणी निळसर दिसतं. हवा प्रकाशाचं काय करते ते मुलांना समोर दिसतं.

शेवटी

१९ एप्रिल १९७५ ला भारताचा पहिला उपग्रह सोव्हिएत रशियातून अवकाशात गेला, त्याला आर्यभट हेच नाव दिलं होतं. आणि चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूवर, शांतिसागर नावाच्या काळपट मैदानात, एका विवरालाही त्यांचं नाव आहे. खग्रास चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली त्या विवरावरूनही जाते. ज्यांनी त्या सावलीचं माप काढलं त्यांच्याच नावावरून.

पुढचं एक छान खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ ला आहे. रात्री साधारण पावणेदहा ते अकरा चंद्र पूर्ण सावलीत असेल आणि आपल्या इथून दिसेल. नववर्षाची वाट बघत सगळे जागे असतातच. पालकहो, त्या रात्री मुलांना गच्चीवर न्या. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघायला काहीही धोका नसतो. कागद-पेन्सिल द्या आणि दर पंधरा मिनिटांनी रंग लिहायला सांगा. घरातली मोठी माणसं नको म्हणाली तर वाद घालू नका, त्यांनाही सोबत बोलवा. नाही आली तर खाली आल्यावर त्यांना रंग सांगा.

पाठ आवडला तर आपल्या शाळेत जरूर घ्या, आणि मोसंबीच्या सावलीचं माप किती आलं ते मला कळवा.